गावच्या प्राथमिक शाळेतील उघड्यावरचे वर्ग : हे ओटे कोणी बांधले आणि कशासाठी?

प्रश्न – स्मरणिका समिती सदस्य, आर्वी तालुका

नमस्कार मंडळी,

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आमचे गाव आहे. गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा शतकमहोत्सव जवळ आला असून स्मरणिकेतील शाळेच्या इतिहासाचे प्रकरण लिहिण्याची जबाबदारी समितीने माझ्यावर सोपवली आहे. इमारतीविषयी थोडेफार सांगता येते, परंतु ज्या गोष्टीमुळे आमची शाळा पंचक्रोशीत ओळखली जाते, त्या उघड्यावरच्या वर्गांविषयी मला खात्रीने एक ओळही लिहिता येत नाही, म्हणून आपल्यापुढे हा प्रश्न मांडत आहे.

शाळेला कवेलूच्या (कौलांच्या) दोन जुन्या खोल्या आणि त्यांच्यापुढे लांब छपरी आहे. आवारात तीन ओटे आहेत. पहिला सर्वांत मोठा असून त्याचे जोते काळ्या दगडाचे, गुडघाभर उंचीचे आहे. त्यावर आठ सागवानी खांब आणि कवेलूचे छप्पर आहे. पश्चिमेच्या बाजूला पूर्ण भिंत आहे आणि बाकीच्या तिन्ही बाजू मोकळ्या आहेत. दुसरा म्हणजे निंबाच्या झाडाभोवतीचा गोल पार. तिसरा ओटा अगदी लहान आहे, कुंपणाच्या कोपऱ्यात आणि मोठ्या ओट्यापासून पंधरा-वीस पावलांवर. त्यावर दाटीवाटीने पाच-सहा मुले बसतील. मोठ्या ओट्याच्या पूर्वेकडच्या खांबांना वर आणि खाली लोखंडी कड्या ठोकलेल्या आहेत. त्या जनावरे बांधण्यासाठी असाव्यात असे गावात म्हणतात, पण माणसाच्या डोक्याहून उंच जागी जनावर कोण बांधील, हे मला समजत नाही.

मी स्वतः पहिली ते चौथी या शाळेत शिकले. दुसरीचे पाढे आम्ही त्याच मोठ्या ओट्यावर बसून म्हटले आणि दगडी फरशीचा थंडपणा टाटपट्टीतून पायांना कसा लागत असे, ते मला आजही आठवते. त्यामुळे या विषयाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गावात तीन मते ऐकायला मिळतात. सेवाग्राम जवळ असल्यामुळे हे वर्ग गांधीजींच्या शिक्षणपद्धतीतून आले, असे बहुतेकांना वाटते. एका पाहुण्यांनी युरोपात मोकळ्या हवेतील शाळांची मोठी चळवळ होती आणि तिचाच हा प्रभाव असावा, असे सांगितले. काही वृद्ध मंडळी मात्र खोल्या कमी होत्या म्हणून मुले बाहेर बसत, एवढेच सांगून विषय संपवतात. यांतील खरे कोणते, हे ठरवायचे तर कोणती कागदपत्रे पाहावीत? ओट्यांच्या बांधणीवरून काही सांगता येते का? हे लवकर कळणे आवश्यक आहे, कारण ओटे काढून संपूर्ण आवारात गट्टू (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे) बसवण्याचा विषय पुढच्या ग्रामसभेत येणार आहे.

उत्तर १ – निवृत्त मुख्याध्यापक, देवळी

ताई, आपण लिहिण्याआधी विचारले, याचे मला समाधान वाटले. आमच्या जिल्ह्यात जुन्या आणि चांगल्या दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा संबंध सेवाग्रामशी जोडण्याची सवय आहे. तिच्यामागे प्रेम आहे, परंतु प्रेमापोटी लिहिलेला मजकूर स्मरणिकेत एकदा छापला गेला की पुढची पिढी त्यालाच पुरावा मानते.

प्रथम कालक्रम पाहू. गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, १९३६ मध्ये राहायला आले. वर्ध्याची शिक्षण परिषद २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरली आणि तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समिती नेमली गेली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम हा त्या योजनेचा गाभा होता. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि आर्यनायकम व आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामचे काम उभे केले. हे दोघेही पूर्वी शांतिनिकेतनात होते. तेथे रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये पाच विद्यार्थ्यांना घेऊन ब्रह्मचर्याश्रम सुरू केला होता आणि झाडाखालचा वर्ग ही तेथील नेहमीची रीत होती. त्यामुळे सेवाग्रामच्या शिक्षणात झाडाखाली बसण्याला मान असावा, हे स्वाभाविक आहे. तरीही एक भेद लक्षात ठेवावा. नई तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या या शिक्षणयोजनेचा, आग्रह उद्योगाचा होता. मूल सूत कातते, बाग करते, सफाई करते आणि त्यातूनच गणित व भाषा शिकते, म्हणून ते बाहेर असते. खोलीला भिंत नसावी, असा तिचा सिद्धांत नव्हता.

म्हणून आपल्या शाळेत हा प्रभाव होता की नाही, हे ओट्यावरून नव्हे तर जडसंग्रह नोंदवहीवरून, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीवरून, कळेल. तिच्यात तकल्या (सूत कातण्याच्या चात्या), पेळू (कातण्यासाठी वळलेला कापूस), पिंजणाचे साहित्य, कुदळी-फावडी यांच्या नोंदी आहेत का, ते पाहावे. त्या असतील तर कोणत्या पानावर, आणि ओट्याचा उल्लेख त्यांच्या आधी आहे की नंतर, हे सर्वांत महत्त्वाचे आहे.

त्याच काळात आपल्या प्रांतात, म्हणजे मध्यप्रांत व वऱ्हाडात, पं. रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली होती. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. शाळेच्या नावावर एखादे वावर असल्याचे जुने लोक सांगत असतील, तर तो धागाही सोडू नये.

आता कागदपत्रांविषयी. दाखल-खारीज रजिस्टर आपल्या शाळेत नक्की सापडेल, कारण जातपडताळणीसाठी १९५० पूर्वीच्या नोंदी मागितल्या जातात आणि त्यामुळे निष्काळजी शाळांनीही ते रजिस्टर जपले आहे. त्यातून विद्यार्थी कळतील, इमारत कळणार नाही. इमारतीसाठी तीन ठिकाणे आहेत : तपासणी अधिकाऱ्यांचे शेरेबुक, सादील (किरकोळ) खर्चाची वही आणि जमिनीची कागदपत्रे. शेवटच्या बाबतीत आपले गाव वर्धा नदीच्या कोणत्या काठाला आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. नदीच्या पलीकडे वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरी, आणि आपल्या बाजूला मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरी. आपल्याकडील अनेक शाळांची जागा मालगुजाराने दिलेली असते आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यानंतर अशा सार्वजनिक जागांच्या नोंदी निस्तार पत्रकात (गावाच्या सामायिक वापराच्या जमिनींच्या यादीत) व अधिकार अभिलेखात (जमिनीवरील हक्कांच्या नोंदीत) आल्या. तहसीलमध्ये रीतसर अर्ज केल्यास नक्कल मिळते.

शेरेबुक मात्र सहजासहजी सापडत नाही. आपल्या शाळा आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, १९४८ च्या कायद्यानंतर जनपद सभेकडे आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे गेल्या. मधल्या काळात, १९५६ मध्ये, आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो. प्रत्येक बदलात दप्तर एका कचेरीतून दुसरीकडे गेले आणि प्रत्येक वेळी काही गठ्ठे मागे राहिले. माझ्या सेवाकाळात एका शाळेत रुजू झालो, तेव्हा जुने शेरेबुक खिडकीच्या फटीत वाऱ्यासाठी कोंबलेले मला आढळले होते. म्हणून कपाटे तपासून थांबू नका. माळा, पोषण आहाराची खोली आणि निर्लेखनासाठी (मोडीत काढण्यासाठी) बाजूला काढलेल्या सामानाची पोतीही पाहा.

उत्तर २ – वास्तुरचनाकार, नागपूर

गुरुजींनी कागदांचा मार्ग दाखवला आहे, मी दगडांविषयी लिहितो. परंतु त्याआधी युरोपाचा मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण तो केवळ योगायोगाच्या साम्यावर उभा आहे.

मोकळ्या हवेतील शाळांच्या चळवळीचा आरंभ १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे झाला असे मानतात. पाइनच्या जंगलात भरणाऱ्या त्या शाळेला तेथे ‘वनशाळा’ असेच नाव होते. १९०७ मध्ये लंडनमध्ये आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे तशा शाळा निघाल्या आणि १९२२ मध्ये पॅरिसला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. या सगळ्यामागे क्षयरोगाचे भय होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्ये शोधला होता, पण त्यावर परिणामकारक औषध १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत नव्हते. मधल्या साठ वर्षांत स्वच्छ हवा, ऊन, विश्रांती आणि पौष्टिक अन्न हाच उपचार मानला जात असे. म्हणून अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांतील अशक्त मुलांना उन्हात आणून बसवत, दिवसातून अनेकदा खाऊ घालत आणि दुपारी आरामखुर्च्यांवर झोपवत. अभ्यासाचे तास मुद्दाम लहान ठेवत. पुढे याच कल्पनेतून उत्तम वास्तू निर्माण झाल्या. अॅमस्टरडॅममध्ये यान डाउकर यांनी १९३० च्या सुमारास पूर्ण केलेल्या शाळेत दोन बंद वर्गांमध्ये एक उघडा वर्ग आहे आणि पॅरिसजवळच्या स्युरेन येथील १९३० च्या दशकातील शाळेत वर्गाच्या तीन भिंती घडी घालून पूर्ण बाजूला करता येत असत. औषध आले, तशी या शाळांची मूळ गरज संपली.

तीन बाजू मोकळ्या आणि एक भिंत, हे वर्णन स्युरेनला लागू पडते आणि आपल्या ओट्यालाही लागू पडते, म्हणून आपल्या पाहुण्यांना तसे वाटले असावे. परंतु उद्देश अगदी उलट आहे. तेथे मुलाला सावलीतून उन्हात आणायचे होते. विदर्भात, जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि त्यामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेथे मुलाला उन्हातून सावलीत आणायचे असते. आपल्या ओट्याची प्रत्येक बाजू हेच सांगते. पश्चिमेला भिंत आहे, कारण पावसाळ्यातील वारा आणि झड बहुधा त्याच दिशेने येते आणि दुपारनंतरचे तिरपे, सर्वांत त्रासदायक ऊनही तिकडूनच येते. उत्तर मोकळी आहे, कारण शाळेच्या बहुतेक महिन्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उत्तरेचा उजेड सौम्य, डोळ्यांना न दिपवणारा असतो. दक्षिणेचे छप्पर पुरेसे खाली उतरलेले असेल, तर हिवाळ्यात जमिनीलगत ऊब देण्याइतकेच ऊन आत येत असेल. हे मोजून पाहता येईल.

राहता राहिली पूर्व बाजू, आणि तेथेच त्या कड्यांचे उत्तर आहे असे मला वाटते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे शाळा सकाळची होते. सात ते अकरा या वेळात ऊन नेमके पूर्वेकडून आत येते. वर आणि खाली कड्या म्हणजे तेथे बांबूचे तट्टे ताणून बांधत असणार. त्यांवर पाणी शिंपडले की आत येणारा वाराही गार होतो. माझा अंदाज खरा असेल, तर आतल्या बाजूने, कड्यांच्या रेषेत, खांबावर दोरीच्या घर्षणाचे खोलगट वळ दिसतील. कृपया पाहून कळवावे.

हा अंदाज बरोबर निघाला तर खोल्या नव्हत्या म्हणून मुले बाहेर बसवली, एवढे म्हणून भागणार नाही. खोल्यांची टंचाई हे कारण असेलही, परंतु ज्याने हा ओटा बांधला त्याला या गावातील ऊन, वारा आणि शाळेचे वेळापत्रक यांची पूर्ण जाण होती. तो कदाचित गावचाच सुतार आणि गवंडी असेल. गट्टूंविषयी एवढेच सांगतो की सिमेंटचे गट्टू दिवसभर तापतात आणि संध्याकाळपर्यंत ती उष्णता सोडत राहतात. निंबाच्या मुळांभोवती ते घट्ट बसवले तर झाडाला पाणीही मिळत नाही.

उत्तर ३ – प्राथमिक शिक्षिका, दारव्हा तालुका

मी यवतमाळ जिल्ह्यात नोकरीची बरीच वर्षे अशा शाळेत काढली, जेथे चार वर्ग आणि दोन खोल्या होत्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने दोन खोल्या आणि दोन शिक्षक हे किमान प्रमाण ठरवले, पण चार वर्गांना दोन खोल्या म्हणजे दोन वर्ग बाहेर, हे गणित तसेच राहिले. शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली हा निकष आला. तोवर आमची पहिली आणि दुसरी चिंचेखाली भरत असे. त्यामुळे या विषयाची गोडी आणि त्रास हे दोन्ही मला ठाऊक आहेत आणि स्मरणिकेत दोन्ही यावेत, असे मला मनापासून वाटते.

बाहेर शिकवताना सर्वांत आधी आवाज जातो. खोलीत भिंत आपला आवाज परत देते, झाडाखाली तो वावरात निघून जातो आणि दुपारपर्यंत घसा बसतो. फळा कोठे टेकवायचा, हे दर दोन तासांनी ठरवावे लागते, कारण ऊन सरकले की फळा चमकतो आणि मागच्या रांगेला अक्षर दिसत नाही. निंबोळ्या पडू लागल्या की टाटपट्टीवर चिकट डाग पडतात. मुंगळे चावतात. पावसाची सर आली की दोन्ही वर्गांना छपरीत पळावे लागते, त्यात पाट्या फुटतात आणि तो तास गेला तो गेलाच. एकदा पारावरच्या फटीतून साप निघाला होता. त्यानंतर आठवडाभर पहिलीची मुले तेथे बसायला तयार नव्हती आणि मी त्यांना बळजबरी केली नाही.

एवढे सगळे असूनही एक गोष्ट मी खोलीत कधी पाहिली नाही. शेळ्या चारायला निघालेली मुले वाटेत थांबून काठीवर हनुवटी टेकवून उभी राहत आणि आमच्या मुलांबरोबर पाढे म्हणत. खोलीच्या दारात ती कधीच आली नसती. त्यांपैकी दोघींची नावे पुढे पटावर आली. त्यांच्या घरी मी एकदाच गेले होते, बाकीचे काम त्या मोकळ्या बाजूने केले.

आणि कड्यांविषयी. वास्तुरचनाकार दादांचे म्हणणे मला अगदी पटते. आमच्या शाळेत कड्या नव्हत्या, पण सकाळच्या शाळेच्या दिवसांत एक पालक दरवर्षी पळाट्यांची (कापसाच्या वाळलेल्या काड्यांची) ताटी बांधून देत असत, तीही पूर्वेलाच.

उत्तर ४ – वाचक, पुलगाव

आतापर्यंतची चर्चा मी काळजीपूर्वक वाचली. सर्वांनी मोठ्या ओट्याविषयी लिहिले आहे. तिसऱ्या, लहान ओट्याविषयी कोणी काही विचारलेले नाही, म्हणून मी विचारतो.

माझे आजोबा आमच्या भागातील एका खेड्याच्या शाळेत दोन वर्षे शिकले. ते वर्गात नव्हे, वर्गाच्या बाहेर बसून शिकले. गुरुजी त्यांची पाटी हातात घेत नसत. आजोबा पाटी जमिनीवर ठेवून मागे सरकत आणि गुरुजी वाकून, दुरूनच ती पाहत. तहान लागली तर कोणीतरी वरून पाणी ओतीपर्यंत थांबावे लागे. हे त्यांनी आम्हा नातवंडांना अनेकदा सांगितले आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच शांतपणे सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतील आपल्या वेगळ्या गोणपाटाविषयी लिहून ठेवले आहे, ते सर्वांना माहीत आहे. परंतु तसेच गोणपाट आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील खेड्यांतही होते आणि त्यांतील बहुतेकांविषयी कोणीही कधी लिहिले नाही.

आपल्या शाळेतील लहान ओटा कशासाठी होता, हे मी येथून सांगू शकत नाही. तो पाण्याच्या रांजणाचा असेल, प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी उभे राहण्याचा असेल. तरीही कुंपणाचा कोपरा, पंधरा-वीस पावलांचे अंतर आणि पाच-सहा मुलांची जागा हे वर्णन वाचून मला आजोबा आठवले. मोकळ्या हवेतील वर्ग हा शब्द ऐकायला सुंदर आहे. परंतु बाहेर बसणे ही एकाची मौज आणि दुसऱ्याची शिक्षा एकाच आवारात, एकाच वेळी असू शकते. ताई, स्मरणिका छापण्यापूर्वी आपण गावातील बौद्ध वस्तीतील वृद्धांना हा प्रश्न विचारला आहे का? आपण नोंदवलेली तीन मते कोणत्या मोहल्ल्यातून आली, हेही एकदा तपासून पाहावे, ही विनंती.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण या काळात मी आपण सांगितलेली प्रत्येक गोष्ट पाहत होते.

पुलगावच्या दादांना आधी उत्तर देते. नाही, मी विचारले नव्हते. तिन्ही मते गावठाणातील घरांतून आलेली होती आणि आपण लिहीपर्यंत ते माझ्या ध्यानातही आले नव्हते, याचे मला वाईट वाटते.

शेरेबुक मिळाले नाही. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे माळ्यावर चढलो, तेथे एका पत्र्याच्या पेटीत सादील खर्चाच्या दोन वह्या आणि जडसंग्रह नोंदवही सापडली. एका वहीचा खालचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे, पण अक्षर स्वच्छ आहे. तकल्यांची नोंद आहे, म्हणजे सूतकताई आमच्या शाळेत खरोखर झाली. परंतु ज्या वर्षी तकल्या आल्या, त्याच्या कितीतरी आधीच्या पानांवर ‘बाहेरील ओट्याचे कवेलू फेरणे’ असा खर्च दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर येतो. त्यामुळे ओटा गांधीजींच्या योजनेतून आला, असे आता लिहिता येणार नाही. सूतकताईचे तास याच ओट्यावर होत, असे मात्र दोन वृद्धांनी वेगवेगळे सांगितले आणि ते मी लिहिणार आहे. त्याच वहीत तट्ट्यांचा आणि सुतळीचा खर्चही आहे, जवळजवळ प्रत्येक वर्षी, आणि तो नेहमी होळीच्या आसपासचा. खांबांवर दोरीचे वळ आहेत. मी बोट फिरवून पाहिले, करंगळी बसेल इतके ते खोल झाले आहेत.

त्यानंतर बौद्ध वस्तीतील एका आजींकडे गेले. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मी प्रश्न पूर्ण करण्याआधीच त्यांनी लहान ओट्याचे नाव घेतले. त्यांचे वडील तेथे बसत असत आणि त्यांच्याबरोबर आणखी चार मुले. आजी स्वतः शाळेत गेल्या, तोवर तो ओटा सुटला होता. त्या छपरीत बसत, पण दाराजवळच्या शेवटच्या रांगेत, आणि ती रांगही ठरलेलीच होती. दाखल-खारीज रजिस्टरात त्यांच्या वडिलांचे नाव आहे. ते मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

मी याच शाळेत चार वर्षे शिकले आणि त्या ओट्यावर मधल्या सुट्टीत डबा खाल्ला. तो कशाचा ओटा आहे, हे मला त्या चार वर्षांत कोणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

ग्रामसभेत ओट्यांचा विषय असल्याचे सांगून मी आजींना विचारले की लहान ओट्याचे काय करावे असे त्यांना वाटते. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते : “तो ओटा फोडू नोका, अन् त्याले रंगबिंगही देऊ नोका. जसा हाये तसा राहू द्या.”

समितीतील दोघांचे म्हणणे आहे की स्मरणिकेत हा भाग नको, कारण शतकमहोत्सव आनंदाचा प्रसंग आहे. मी प्रकरण दोन्ही ओट्यांसह लिहिले आहे आणि त्यात बदल करणार नाही, असे समितीला कळवले आहे. आजींच्या मुलाने रजिस्टरातील नोंदीची नक्कल मिळावी म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे.

वास्तुरचनाकार दादा, रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तिन्ही ओट्यांची मापे घेणार आहोत, म्हणजे पूर्वेचे ऊन मोठ्या ओट्यावर कोठवर येते, तेही पाहता येईल. लहान ओट्यापासून मोठ्या ओट्यावरचा फळा दिसतो का, हे सुद्धा आम्ही तेथे बसून पाहणार आहोत. नकाशा कोणत्या प्रमाणात काढावा आणि खांबांची लाकडे तपासताना काय नोंदवावे, तेवढे कृपया शनिवारपर्यंत कळवावे.